धुराची वाट

न्यायशास्त्राच्या प्राथमिक ग्रंथांत अनुमान म्हणजे काय हें शिकवितांना एक ठराविक दृष्टान्त घेतलेला असतो. दूर डोंगरावर धूर दिसतो. त्यावरून तेथें अग्नि असला पाहिजे असें आपण ठरवितों. आणि धूर व अग्नि यांचें साहचर्य तुम्हीं प्रत्यक्ष कोठें पाहिलें असें कोणीं विचारल्यास उत्तर मिळतें, स्वयंपाकघरांत. शेंकडों वर्षें शिष्यांनीं हा दृष्टान्त पाठ केला व पंडितांनीं त्यावर टीका लिहिल्या. परंतु त्या स्वयंपाकघरांत त्या वेळीं कोण बसलें होतें आणि त्या धुरानें तिच्या डोळ्यांचें काय होत होतें, हा प्रश्न तर्काच्या कक्षेंत बसत नसल्यामुळें म्हणा, कोणाला पडलेला दिसत नाहीं.

श्रोतेहो, आज मला त्या धुराचीच हकीकत सांगावयाची आहे. निमित्त अगदीं घरगुती आहे. गेल्या वर्षीं आमच्या वालीवच्या घरीं धूर ओढून बाहेर टाकणारें विजेचें यंत्र घेण्याचें ठरलें. बाजारांत त्याला सर्वजण 'चिमणी' म्हणतात. तें निवडण्याचें काम माझ्याकडे आलें. उत्तर देण्यापूर्वीं प्रश्न नीट समजून घ्यावा ही मास्तरकीची जुनी खोड. तिच्यामुळें मी दुकानांत जाण्याच्या आधीं जुन्या पुस्तकांत शिरलों, आणि तेथें जें सांपडलें तें दुकानांतील मालापेक्षां अधिक विचार करावयास लावणारें होतें.

माझा जन्म वालीवचाच. आज वालीव म्हटलें म्हणजे वसईच्या पूर्वेकडील कारखान्यांचे गाळे, पत्र्याचीं छपरें आणि महामार्गाकडे धांवणारे ट्रक डोळ्यांपुढें येतात. परंतु माझ्या बालपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या दशकांत, तें भाताच्या खाचरांनीं वेढलेलें खेडें होतें. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर. जळणाच्या मोळ्या तिकडूनच येत. आमचें घर कौलारू, आणि माजघरामागें स्वयंपाकाची अंधारी खोली. तींत मातीची चूल, तिला लागून वैल, शेजारीं फुंकणी. पावसाळ्यांत लांकडें ओलीं असत. आई फुंकून फुंकून जाळ करी, आणि जाळ होईपर्यंत खोलींत असा धूर कोंडे कीं, ती आंत आहे हें आम्हांला तिच्या खोकण्यावरूनच कळावें. न्यायशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान होतें. आमच्या घरीं खोकल्यावरून आईचें होई.

त्या धुराला बाहेर जाण्याची निराळी वाट नव्हती. तो वर जाई, वाशांत व रिपांत घोटाळे, आणि कौलांच्या फटींतून मिळेल तसा बाहेर पडे. पहांटे शेतावरून गांवाकडे पाहिलें तर प्रत्येक छप्पर सबंधच्या सबंध वाफाळलेलें दिसे. ही रचना निव्वळ अज्ञानामुळें होती असें म्हणण्याचा मोह होतो, परंतु तें पुरतें खरें नाहीं. धुराला कामें नेमून दिलेलीं होतीं. धुरानें काळे झालेले वासे किडीपासून वांचत. बियाण्यासाठीं राखलेलीं कणसें चुलीवर टांगून ठेवीत, म्हणजे त्यांना भुंगा लागत नसे. कोंकणच्या चार महिन्यांच्या दमट हवेंत सुकी मासळी टिकावयाची ती चुलीवरच्या फळीवरच. घराच्या लांकडाला, बियाण्याला आणि मासळीला जो धूर हितकर, तोच चुलीपुढें बसलेल्या माणसाला अहितकर. आणि हिशेब मांडणारानें पहिल्या तीन रकमा जमेस धरल्या, चौथी खर्चीं टाकावयाची त्याला आठवणच झाली नाहीं.

हा हिशेब केवळ आमच्याकडचा नव्हे. इंग्लंडांत विल्यम हॅरिसन नांवाच्या पाद्र्यानें आपल्या देशाचें वर्णन करणारा एक ग्रंथ १५७७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत तो लिहितो कीं, त्याच्या गांवांतील म्हाताऱ्यांना आपल्या हयातींत झालेले जे फार मोठे बदल वाटत, त्यांपैकीं एक म्हणजे जिकडेतिकडे उभीं राहिलेलीं धुराडीं. आणि पुढें तो असेंहि नमूद करतो कीं, पूर्वींच्या लोकांची समजूत अशी होती कीं धुरानें घराचीं लांकडें कठीण होतात व घरधनी आणि त्याचें कुटुंब पडशाखोकल्यापासून सुरक्षित राहतात. हें वाचून मला आमचे एक वृद्ध शेजारी आठवले. धुरानें घरांत रोगराई येत नाहीं असें तेहि शपथेवर सांगत. ते चुलीपुढें कधीं बसत नसत, ओटीवर बसत. हॅरिसनच्या ग्रंथांतहि धुराचें औषध सांगतांना नांव पुढें येतें तें घरधन्याचेंच, बाकीचीं सारीं नुसतें 'कुटुंब'. घरधनिणीला तें कितपत मानवत होतें हें तो निराळें सांगत नाहीं.

धुराडें म्हणजे तरी काय? आम्ही चौथीच्या वर्गांत मेणबत्तीवर कागदाचें चक्र टांगून तें फिरतांना मुलांना दाखवीत असूं. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास खालून गार हवा येते, एवढेंच त्याचें रहस्य. उभी नळी जितकी उंच, तितकी ओढ अधिक. पोर्तुगालांत सिंत्रा येथील जुन्या राजवाड्याच्या स्वयंपाकघरावर शंकूच्या आकाराचीं दोन प्रचंड धुराडीं आहेत. त्यांची उंची ३३ मीटर भरते. त्याच पोर्तुगिजांची सत्ता आमच्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, होती. त्यांच्या जहाजांतून अमेरिकेची मिरची आमच्या देशांत उतरली आणि आमच्या फोडणींत कायमची रुजली. परंतु त्या फोडणीचा ठसका बाहेर नेणारें धुराडें मात्र आमच्या खेड्यांतील चुलीपर्यंत कांहीं आलें नाहीं.

आपल्याकडे हें ज्ञान नव्हतें, असेंहि म्हणतां येत नाहीं. सुश्रुतसंहितेंत राजाचें स्वयंपाकघर कसें असावें हें सांगतांना तें प्रशस्त असावें, स्वच्छ असावें, आणि त्याला जाळीचे झरोके असावेत असें स्पष्ट म्हटलें आहे. मौज अशी कीं, हें वर्णन येतें तें कल्पस्थानांत, म्हणजे विषांच्या प्रकरणांत. राजाच्या अन्नांत कोणीं विष मिसळूं नये यासाठीं ती सारी दक्षता. विष अन्नांत असूं शकतें तसेंच हवेंतहि असूं शकतें, एवढ्या पलीकडच्या पायरीवर कोणी गेला असता तर! असो.

चिमणी हा शब्द मराठींत इंग्रजींतून आला, आणि त्यानें आमच्या अंगणांतल्या पांखराचें रूप घेतलें. कंदिलाची कांच ती चिमणी, रॉकेलचा छोटा दिवाहि चिमणी, आणि गिरणीचें उत्तुंग धुराडें तेंहि चिमणीच. मुंबईंत कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं पहिली कापडगिरणी स्थापन केली. तेथून पुढें पन्नास-साठ वर्षांत त्या शहराच्या आकाशांत चिमण्यांचें रान उभें राहिलें. त्या धुराचा उपद्रव सर्वांनाच होऊं लागला, साहेबलोकांनाहि होऊं लागला, आणि १९१२ सालीं मुंबई सरकारनें धूर-उपद्रवाचा कायदा केला. भट्टीचा धूर किती काळा असावा, तो किती वेळ सोडावा, यांची तपासणी सुरू झाली. ज्या चाळींतून त्या गिरण्यांचे कामगार येत, त्या चाळींच्या दहा-बाय-दहाच्या खोल्यांत शेगडी पेटत होती. परंतु तो धूर रस्त्यावरून दिसत नव्हता.

घरांतल्या धुराकडे आस्थेनें पाहणारे पहिले लोक मला आढळले ते वर्ध्यास. १९३४ सालीं महात्मा गांधींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व मगनवाडींत जो. कॉ. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं त्याचें काम चाललें. तेल-घाणी, हातकागद, गूळ यांच्या बरोबरीनें तेथें चुलीचाहि विचार झाला, आणि १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' पुढें आली. मातीचीच चूल, परंतु तिच्या पोटांतून धुराची वाट काढून ती नळीनें छपराबाहेर नेलेली. पाठोपाठ हैदराबादेस एस. पी. राजू यांनीं १९५३ सालीं कोट्यवधि घरांसाठीं बिनधुराचीं स्वयंपाकघरें या विषयावर एक पुस्तिका लिहिली. चुलीवर पुस्तिका लिहिणारा इंजिनियर! मला या गृहस्थांविषयीं अत्यंत आदर वाटतो.

त्यानंतर वैद्यकाला जाग आली. १९५९ सालीं दिल्लींतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनीं आपल्या रुग्णांविषयीं एक लेख प्रसिद्ध केला. फुप्फुसें वर्षानुवर्षें बिघडत गेलीं म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडून ती थकते. पाश्चात्य देशांत हा विकार बहुधा पुरुषांचा, तंबाखू ओढणारांचा. दिल्लींत मात्र त्यांना तो स्त्रियांत फार मोठ्या प्रमाणांत आढळला, आणि त्यांपैकीं बहुतेकींनीं विडीला हातहि लावलेला नव्हता. संशय गेला तो चुलीकडे. पन्नास वर्षांनंतर, २००९ सालीं, पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनीं एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत हाच विषय साऱ्या जगासाठीं मांडला, कीं धूम्रपान न करणाऱ्यांनाहि हा श्वसनविकार जडतो, आणि त्याच्या कारणांत घरांतला धूर फार वरच्या जागीं आहे.

मध्यंतरी, १९८३ सालीं, सरकारनें सुधारलेल्या चुलींची राष्ट्रीय योजना काढली होती. सुमारें दोन दशकांत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. आंकडा मोठा आहे. परंतु त्यांतल्या पुष्कळ चुली लवकरच निकामी झाल्या. नळी काजळीनें भरे. ती साफ करावयाची तर कोणीतरी छपरावर चढावयाचें. छपरावर चढणें हें पुरुषाचें काम, आणि धूर कोंडणें ही बाईची अडचण. दोहोंचा मेळ बसेना.

गॅसच्या सिलिंडरांची विक्री आपल्या देशांत प्रथम मुंबईंत १९५५ सालीं सुरू झाली. वालीव मुंबईपासून कांहीं फार दूर नाहीं, परंतु आमच्या घरीं सिलिंडर येण्यास त्यानंतर तीस वर्षें लागलीं. तो आला तेव्हां धुराचा अध्याय संपला असें आम्हां सर्वांस वाटलें. (१ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांत बलिया येथें उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, तेव्हां देशांतील कोट्यवधि घरांत हा अध्याय चालूच होता, हें येथें विसरतां कामा नये.) आणि नेमका त्याच वेळीं माझ्या हातून एक चूक घडली, ती येथें सांगितली नाहीं तर हें भाषण अप्रामाणिक होईल.

१९८९ सालीं मीं जुनें कौलारू घर पाडून स्लॅबचें घर बांधलें. गवंडी अनुभवी होता. ओट्यावरच्या भिंतींत वरच्या अंगास एक झरोका ठेवूं का, असें त्यानें विचारलें. मीं नको म्हटलें. दक्षिणेकडची भिंत, पावसाची झड आंत येईल. शिवाय तेथें भिंतभर माळा काढावयाचा होता, घराला सामान पुष्कळ. माझी पत्नी त्या वेळीं दोन हातांवर उभी होती. तिला मीं विचारलें नाहीं. जुन्या घराचीं कौलें निदान फटींतून धूर सोडीत. स्लॅबला तीहि दयामाया नाहीं. दिवसा शाळेंत मी मुलांना तापलेली हवा वर चढते हें चक्र फिरवून दाखवीत होतों, आणि घरीं ती वर चढलेली हवा छताला आपटून पुन्हां खालीं, फोडणी करणाऱ्या बाईच्या नाकातोंडाशीं येत होती.

गॅसला धूर नसतो ही समजूत अर्धवट आहे. ज्योतीला काजळी नसली तरी तींतून नायट्रोजनचे वायु निघतात. आणि तेल कडकडीत तापलें कीं त्यांतून डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण उठतात, त्यांतच मिरचीचा तिखट अंश असतो. आमच्या ओट्यावरचें छत पांच वर्षांत पिवळें व दहा वर्षांत तपकिरी झालें. मीं त्याला तीनदां रंग दिला. परवांपरवां दम लागतो म्हणून पत्नीला दवाखान्यांत नेलें, तेव्हां डॉक्टरांनीं फुंकर मारण्याच्या यंत्रावर तिची तपासणी केली आणि विचारलें, किती वर्षें धुरांत काढलीं? तिनें बोटें मोजलीं. माहेरीं सातव्या वर्षापासून चूल, सासरीं चूल, मग वातीचा स्टोव्ह, मग हें स्वयंपाकघर. हिशेब पन्नास वर्षांच्या पुढें गेला. श्वासनलिका कायमच्या आंखडल्या आहेत, त्या पूर्ववत् होणार नाहींत, परंतु आणखी बिघडूं न देणें आपल्या हातीं आहे, असें डॉक्टर म्हणाले. घरीं परततांना ती गप्प होती. सून मात्र गप्प राहिली नाहीं, दुसऱ्याच दिवशीं ती म्हणाली, "बाबा, रंग पुरे झाला, आतां चिमणी आणा."

पंखा लावलेलें धुराडें ही कल्पना अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत बाजारांत आली. उंच नळीची नैसर्गिक ओढ बहुमजली इमारतींत मिळत नाहीं, म्हणून ती विजेनें उत्पन्न करावयाची. पुढें या धंद्याचें एक मोठें ठाणें इटलींतील फाब्रियानो या गांवीं झालें. हें गांव तेराव्या शतकापासून हातकागदासाठीं प्रसिद्ध. तेथें १९५५ सालीं फाबर व १९७० सालीं एलिका या कंपन्या निघाल्या, आणि दोहोंचीं नांवें आज आमच्या दुकानांतून दिसतात. मगनवाडींतहि कागद आणि चूल हे दोन उद्योग एकाच आवारांत होते, याची मला तेथें आठवण झाली. योगायोगच, दुसरें कांहीं नव्हे.

दुकानदारानें पहिल्यानें मला आंकडे ऐकविले. तासाला बाराशें घनमीटर, चौदाशें, सोळाशें. मीं तेथेंच पाकिटावर गणित केलें. आमची खोली दहा फूट लांब, आठ रुंद व दहा उंच. म्हणजे आठशें घनफूट, सुमारें साडेबावीस घनमीटर. तींतील हवा तासांत पंधरा वेळां बदलावयाची म्हटली तरी साडेतीनशें घनमीटर पुरे. मग चौदाशें कशाला? कारण खोक्यावरचा आंकडा बहुधा मोकळ्या वाऱ्याचा असतो. जाळी, नळी आणि नळीचें प्रत्येक वळण त्यांतून आपली दस्तुरी कापून घेतें. शिवाय आपली फोडणी म्हणजे क्षणांत उठणारा लोट; तो पसरण्याच्या आधीं पकडावा लागतो. म्हणून थोडी जास्तीची शक्ति असावी हें योग्य, परंतु तिच्या मागें धांवण्यापेक्षां नळी पहावी. नळी सहा इंची असावी. भोंक लहान आहे म्हणून ती चार इंची केली तर तिचा छेद छत्तिसास सोळा या प्रमाणांत उतरतो, म्हणजे निम्म्याहूनहि कमी होतो. मग यंत्र नुसतें ओरडतें, ओढीत नाहीं.

जाळीचेहि प्रकार आहेत. बारीक विणीची जाळी तेलानें लवकर चोंदते. पन्हळीसारख्या पट्ट्यांची जाळी तेल खालीं गाळते आणि धुण्यास सोपी, आमच्या तळणाला तीच बरी. यंत्राची रुंदी निदान शेगडीइतकी हवी, आणि तें शेगडीपासून सव्वादोन ते अडीच फुटांवर असावें. फार उंच नेलें तर धूर वाटेंतच निसटतो. खोलींतून जितकी हवा बाहेर जाते तितकी आंत येण्यास दार किंवा समोरची खिडकी किलकिली पाहिजे, हें तर मेणबत्तीचें चक्र जाणणाऱ्या मुलालाहि कळेल.

शेवटीं दुकानदारानें एक सोयीची वस्तु पुढें केली. "मास्तर, भिंतींत भोंक नाहीं ना? मग ही बिननळीची घ्या. कोळशांतून हवा गाळून परत खोलींत सोडते. तोडफोड नको, कांहीं नको." कोळसा वास शोषतो, तोहि कांहीं महिनेच, वाफ, उष्णता आणि ज्योतीचे वायु खोलींतच राहतात. ज्याचें भाड्याचें घर आहे व जो भिंत फोडूं शकत नाहीं, त्याला तिचा थोडा उपयोग होईल. मीं नळीचीच घेतली.

भोंक पाडावयाचें ठरलें तें बरोबर त्या जागीं, जेथें १९८९ सालीं गवंडी झरोका ठेवूं म्हणत होता. माळ्याचा तेवढा भाग काढावा लागला. नळी सरळ काढली असती तर तिचें तोंड शेजाऱ्यांच्या निजण्याच्या खोलीसमोर आलें असतें. आपला धूर दुसऱ्याच्या घरांत पोंचविण्यासाठीं एवढा इतिहास वाचलेला नव्हता. म्हणून आमच्याच वालीवच्या एका गाळ्यांतून पत्रा वांकवून एक मोठ्या गोलाईचें वळण व पावसासाठीं टोपी करून घेतली, आणि नळी भिंतीच्या बाहेरून गच्चीच्या वर नेली. पत्रा कापणाऱ्या मुलानें माप घेतांना विचारलें, कोणत्या मशीनसाठीं हवें? चुलीसाठीं, असें माझ्या तोंडून निघून गेलें.

यंत्र बसून आतां सात महिने झाले. महिन्यांतून एकदां जाळी मी धुतों. छपरावर चढण्याचें काम नाहीं, तरी तें माझ्याकडेच ठेवलें आहे. छत पांढरें आहे. पत्नीचा खोकला फोडणीच्या वेळीं उठत नाहीं, पहांटे मात्र उठतो. तिची यंत्राविरुद्ध एकच तक्रार आहे: वास आधींच ओढला जातो, त्यामुळें मोहरी कितपत तडतडली, जिरें करपलें कीं काय, तें तिला पूर्वींसारखें नाकानें कळत नाहीं. म्हणून ती आधीं मोहरी टाकते, तेलावर वांकून एक श्वास घेते, आणि मग हात वर करून बटन दाबते. पलीकडच्या खोलींतून सून ओरडते, "आई, आधीं लावा ती!" ती लावते, पण मोहरी तडतडल्यावरच.